मागच्या दारचा उतार

बसा रे, पडवीत ऐसपैस बसा. आज राजाची गोष्ट नाही आणि राक्षसाचीही नाही. आजची गोष्ट आहे पावसाच्या एका थेंबाची, आणि तो ज्यावर पडतो त्या आपल्या मागच्या दारच्या उताराची.

मृगाचा पहिला दमदार पाऊस कौलांवर ताडताड वाजतो, तो आठवा. त्यातला टपोरा थेंब ५ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याहून फार मोठा थेंब आभाळात टिकत नाही. पडता पडता हवेच्या रेट्याने चपटा होतो आणि फुटतो. हा टपोरा थेंब जमिनीला भिडतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३२ किलोमीटर असतो.

“पण थेंबच ना तो?” धाकटी विचारते. “त्याने काय होणार?”

घराची भिंत बघ, म्हणजे कळेल. पावसाळा सरला की पांढऱ्या भिंतीचा खालचा हातभर पट्टा लाल झालेला असतो. ती माती भिंतीवर चढली कशी? थेंबांनी उडवली. उघड्या जमिनीवर थेंब आपटला की मातीचे कण सुटतात आणि चहूकडे उडतात. सपाट जागी इकडचे कण तिकडे जातात, तिकडचे इकडे येतात आणि हिशेब बरोबर राहतो. उतारावर मात्र वरच्या अंगाला उडालेला कण जवळच पडतो आणि खालच्या अंगाला उडालेला लांब जातो. म्हणजे ओहोळ वाहू लागायच्या आधीच, नुसत्या थेंबांच्या माराने, माती खाली उतरू लागते.

आता थोरल्याने जरा गणित करावं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर तिथे एक लिटर पाणी येतं. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. कर गुणाकार.

“तीन लाख लिटर!” तो म्हणतो. “एका गुंठ्यावर?”

एका गुंठ्यावर. दहा हजार लिटरचे ३० टँकर भरतील एवढं पाणी. मागचा उतार तीन गुंठ्यांचा आहे, म्हणजे ९० टँकर दरवर्षी आपल्या परसात येऊन जातात. तरी एप्रिल-मे महिन्यात विहीर तळ दाखवते. आपल्याकडे पाण्याला यायला कुणी सांगावं लागत नाही. त्याला थांबायला कुणी सांगत नाही, एवढीच अडचण आहे.

आणि हे धावतं पाणी मोकळ्या हाताने जात नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याच्या अंगची ऊर्जा चौपट होते. ते जास्तीत जास्त केवढा दगड ढकलू शकेल याचा हिशेब तर याहून चकित करणारा आहे: वेग दुप्पट, तर ढकलता येणाऱ्या दगडाचं वजन ६४ पट. म्हणून उतार जरासा जास्त असला की रेती वाहून नेणारं पाणी धोंडे हलवू लागतं. उलट्या बाजूनेही हे गणित तितकंच खरं आहे. वेग निम्मा करा, आणि पाण्याच्या हातून माती आपोआप गळून पडते. उतार सुधारण्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे, ते लक्षात ठेवा: पाणी अडवायच्या आधी त्याचा वेग मोडायचा.

हे घर बरीच वर्षं बंद होतं. माणसं मुंबईला, आणि परसाकडे बघणारं कुणी नाही. कौलांच्या पागोळ्यांचं पाणी सरळ उतारावर जाई आणि त्याने मधोमध घळ पाडली होती. वरच्या अंगाला कातळ उघडा पडला होता, खालच्या अंगाला वाहून आलेली रेती साठली होती आणि मधल्या सगळ्या भागात रानमोडी माजली होती. पाहुणे यायचे, बघायचे आणि म्हणायचे, जेसीबी आणून सपाट करून टाका. मी जेसीबी आणला नाही. उताराची वरची वीतभर माती तयार व्हायला शेकडो, कधी हजारो वर्षं लागतात. यंत्र ती एका दुपारी उलथून टाकतं, आणि पुढच्या आषाढात ती खाडीला मिळते.

ही रानमोडी इथली नाही बरं का. ती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. एकोणिसाव्या शतकात आपल्या देशात आली. थंडीत ती पांढुरकी-जांभळट फुलते आणि एकेका झुडपाच्या हजारो बारीक केसाळ बिया वाऱ्यावर निघतात. तिचा तिखट वास गुरांना नको असतो, म्हणून तिला कुणी खात नाही. इथले किडे तिच्या पानांवर फारसे पोसले जात नाहीत, म्हणून तिच्या रानात पाखरांनाही खायला थोडं. उन्हाळ्यात ती वाळून कोळ होते आणि वणव्याला निमित्त देते.

“मग एका दिवसात उपटून का नाही टाकली?” थोरला विचारतो.

कारण ती वाईट असली तरी तिची मुळं माती धरून होती. मे महिन्यात सगळा उतार मोकळा करायचा आणि जूनमध्ये त्यावर सेकंदाला ९ मीटर वेगाचे थेंब झेलायचे, हे परवडत नाही. आपण तिला पट्ट्यापट्ट्याने काढली. फुलण्याआधी, पावसाने माती मऊ असताना एक आडवा पट्टा मुळासकट उपटायचा, तिथे इथलं झाड-गवत लावायचं, आणि ते रुजल्यावर पुढच्या पट्ट्याला हात घालायचा. उपटलेल्या रानमोडीने बी धरलेलं नव्हतं, म्हणून ती तिथेच आडवी पसरली. तिचाच पातेरा झाला. पातेऱ्यावर पडलेला थेंब फुटतो, त्याचा मार तिथेच संपतो आणि पाणी हळूच खाली मुरतं. जमिनीवरचं हे वाळकं पांघरूण झाडून जाळू नका, असं आजी सगळ्यांना का सांगते ते आता कळलं ना?

आता गंमत ऐका. उतारावर काम करायचं तर आधी तिथली आडवी, एका पातळीतली रेघ सापडायला हवी. डोळ्यांना ती दिसत नाही. डोंगरावर डोळे हमखास फसतात. तिच्यासाठी माणग्याच्या बांबूच्या दोन सारख्या लांबीच्या काठ्या घ्यायच्या, पुरुषभर उंचीच्या. वरची टोकं एकत्र बांधून पाय फाकवायचे, मधे एक आडवी काठी बांधायची आणि शेंड्यावरून दोरीला दगड लोंबकळत सोडायचा. झाला ओळंबा. ओळंब्याची दोरी नेहमी पृथ्वीच्या केंद्राकडे बघते. तिला उतार फसवू शकत नाही.

पण मधली खूण कुठे करायची? काठ्या थोड्या कमी-जास्त असल्या तर? त्यावरची युक्ती सुंदर आहे. दोन्ही पाय जमिनीवर टेकवा आणि दोरी आडव्या काठीला जिथे छेदते तिथे खूण करा. मग पाय उलटे करा, डावा होता तिथे उजवा ठेवा, आणि पुन्हा खूण करा. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे पातळीची खूण. जमीन वाकडी असेल, काठ्या असमान असतील, तरी एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूची चूक पुसून टाकते. मग हे दोन पायांचं यंत्र चालवत न्यायचं. एक पाय रोवायचा, दुसरा वर-खाली सरकवत दोरी मधल्या खुणेवर आणायची, तिथे खुंटी ठोकायची आणि पुढे जायचं. खुंट्यांची जी वेडीवाकडी रांग तयार होते ती समपातळीची रेघ. त्या रेघेवर पाणी ओतलंत तर ते डावीकडे जाणार नाही की उजवीकडे.

अशा रेघांवर वरून खाली थोड्या थोड्या अंतराने आपण चर खणले. फूटभर खोल, दीड फूट रुंद. चराची माती खालच्या अंगाला टाकायची म्हणजे तिचा बांध होतो. चर सलग न ठेवता तुकड्यांत खणले, आणि वरच्या दोन तुकड्यांमधल्या मोकळ्या जागेसमोर खालच्या रांगेतला चर येईल असं बघितलं. वरून निसटलेलं पाणी खालचा चर झेलतो. पागोळ्यांच्या पाण्याला दगडांची पन्हळ करून ते पहिल्या चरात सोडलं. घळीत एकावर एक दगड रचून लहान लहान अडसर घातले. प्रत्येक अडसरामागे गाळ बसला, घळ उथळ होत गेली आणि त्या गाळात गवत धरलं. काम कायम वरून खाली करायचं, माथा ते पायथा. खालून सुरुवात केली तर वरचं मोकाट पाणी एका रात्रीत सगळं मोडून जातं.

इथे एक गोष्ट गंभीरपणे ऐका. पाणी मुरवणं सगळीकडे चांगलं नसतं. घराच्या थेट माथ्यावर फार तीव्र उतार असेल, खाली चिकणमाती असेल, जमिनीला भेगा असतील, तर तिथे चर खणू नयेत. पाणी मातीच्या कणांमधल्या फटींत शिरलं की मातीचं वजन वाढतं, आणि फटींतल्या पाण्याचा दाब कणांची एकमेकांवरची पकड सैल करतो. मग सगळा उतारच निसटू शकतो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी पुणे जिल्ह्यातल्या माळीण गावावर डोंगर आला आणि दीडशेहून अधिक माणसं गेली. अशा जागी पाणी मुरवायचं नाही, दगडी पन्हळीतून बाजूला काढून द्यायचं आणि जाणकार माणसाला दाखवून मगच पुढचं काम करायचं. आपल्या परसातही घराला लागून असलेल्या कड्याखाली एकही चर नाही. तिथे फक्त गडगा आहे आणि वाळा.

गडग्याची गोष्ट जांभ्यापासून सुरू होते. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. इथल्या उष्ण, ओल्या हवेत लाखो वर्षं पाऊस त्यावर पडत राहिला. पाण्याने त्यातली सिलिका विरघळवून नेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. लोह गंजलं आणि दगड लाल झाला, छिद्राछिद्रांचा झाला. तोच जांभा. जमिनीत असताना तो इतका मऊ असतो की हत्याराने चिरे पाडता येतात. उन्हावाऱ्यात राहिला की टणक होतो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या प्रवासी वैद्याने मलबारात हे पाहिलं आणि १८०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं. आपले गवंडी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून त्याचे चिरे काढत होते.

गडगा रचताना चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, आणि भिंत किंचित डोंगराकडे कललेली ठेवायची. “सिमेंट लावलं तर जास्त पक्की होईल ना?” असं तुमच्या बाबांनीही विचारलं होतं. सिमेंटच्या भिंतीला पाणी जायला भोकं ठेवली नाहीत, तर भिंतीमागे पाणी तुंबतं आणि भिंतीला ढकलू लागतं. पाणी जितकं उंच तुंबेल तितका पायाशी दाब जास्त. गडग्यातून पाणी दगडांच्या फटींमधून झिरपून जातं, माती मागे राहते. शिवाय त्या फटींत राहायला किती जण येतात! सापसुरळ्या, बेडूक, गोगलगाई, कोळी. तिथे बोटं घालायची नाहीत, कारण कधी विंचू असतो, कधी साप. गडगा त्यांचाही आहे, एवढं मान्य केलं की भांडण नाही.

आता वाळा. उन्हाळ्यात माठात आपण ज्याच्या मुळांची जुडी टाकतो तोच. तो आपल्याच देशातला. बहुतेक गवतांची मुळं आडवी पसरतात; वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, तीन-चार मीटरपर्यंत. म्हणून तो शेजारच्या झाडाच्या ताटातलं खात नाही. त्याच्या मुळांची ताकद मोजली गेली आहे. तेवढ्याच जाडीच्या साध्या पोलादाच्या तारेच्या सुमारे एकषष्ठांश ताण ते बारीक मूळ सोसतं. समपातळीच्या रेघेवर वीत-वीत अंतराने ठोंब लावत गेलं की दोन पावसाळ्यांत दाट कुंपण होतं. चहाच्या गाळणीसारखं ते काम करतं: पाणी जातं, माती मागे राहते. मागे माती साठत गेली की वाळा बुडत नाही. वरच्या पेरांना नवी मुळं फुटतात आणि तो साठलेल्या मातीबरोबर वर चढतो. काही वर्षांनी त्याच्या मागे आपोआप पायरी तयार होते. कर्नाटकातल्या गुंडलुपेटच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीला वाळा लावला आहे. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी याच वाळ्याचा प्रसार जगभर सुरू केला.

“मग सगळीकडे वाळाच लावायचा!” धाकटी टाळ्या वाजवते.

नाही ग बाळ. एकाच झाडाचं रान म्हणजे पुन्हा रानमोडीचीच गत. उतारावर प्रत्येक जागेचं आपलं झाड ठरलेलं असतं. ते ओळखायचं कसं? आजूबाजूच्या टेकडीकडे बघायचं. ज्याला कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, आणि तरी जे वर्षानुवर्षं उभं आहे, ते तिथलं झाड.

माथ्यावर जो उघडा कातळ होता, त्यावर आपण माती टाकली नाही. ते ओसाड वाटतं, पण श्रावणात गुडघे टेकून बघा. बोटभर मातीत निळ्या-जांभळ्या सीतेच्या आसवांचा गालिचा असतो. कातळावरच्या मातीत नत्र जवळजवळ नसतं, म्हणून हे नाजूक रोप शिकार करतं. त्याच्या मुळाशी टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या असतात. पिशवीतलं पाणी बाहेर टाकून रोप आत ओढ तयार करतं. दारावरच्या केसाला एखादा सूक्ष्म जीव लागला की दार उघडतं आणि तो पाण्यासकट आत ओढला जातो. हे सगळं एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात घडतं. वनस्पतींच्या राज्यात इतकी चपळ हालचाल क्वचितच आढळते, आणि ती आपल्या मागच्या दारी होते! तिथे माती ओतून गुलाब लावणं म्हणजे हे घर मोडणं.

मधल्या उतारावर पहिल्या पावसाबरोबर टाकळा उगवतो. आजी त्याची कोवळी भाजी करते. पण आठवडा-दोन आठवड्यांत तो उघडी माती झाकून टाकतो, हे त्याचं मोठं काम. बाकीची झाडं अजून पानं काढतायत तोवर थेंबांचा पहिला मार तो आपल्या पानांवर घेतो. संध्याकाळी बघा, तो पानं मिटून झोपतो. त्याच्यामागून तेरडा येतो. गौरी आणायची वेळ होते तेव्हा सगळा उतार त्याने गुलाबी केलेला असतो. त्याची पिकलेली शेंग हलकेच दाबा. फट्‌कन फुटते, कडा गुंडाळल्या जातात आणि बिया उडतात. शेंगेच्या भिंतींत पाण्याच्या दाबाने ताण साठलेला असतो, तो एका स्पर्शाने सुटतो. अशा रीतीने तेरडा स्वतःच स्वतःला पेरत उतार चढतो.

या दोघांच्या आडोशाने मोठी मंडळी लावली. हद्दीला करवंदी: जांभ्याच्या फटीत मुळं घालते, काट्यांमुळे गुरं आत येत नाहीत, आणि मे महिन्यात तुमची तोंडं जांभळी करते. कोपऱ्यांत पांगारा: आगोटीला फांदी रोवली की फुटते, आणि त्याच्या मुळांवरच्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतला नत्र पकडून मातीत आणतात. फाल्गुनात पानं नसताना तो लालभडक फुलतो आणि मैना, बुलबुल, सूर्यपक्षी मध प्यायला येतात. सावलीच्या तीव्र उतारावर कारवी. ती सात-आठ वर्षं नुसती वाढते, मग सगळी एका वेळी जांभळी फुलते, बी टाकते आणि मरते. एवढं बी एकदम पडतं की खाणाऱ्यांची पोटं भरूनही पुष्कळ उरतं.

आणि बहावा. त्याचं बी नुसतं पेरलं तर बहुधा उगवत नाही. कवच इतकं घट्ट की पाणी आत शिरत नाही. रानात कोल्हा, अस्वल, माकड शेंगेतला गोड गर खातात आणि बी लांब नेऊन टाकतात. काही बिया त्यांच्या दातांनी नि पोटातल्या रसांनी मऊ होतात, काही मातीत पडून हळूहळू झिजतात. तुम्ही दोघांनी ते काम पॉलिश पेपरने करायचं. बी एका बाजूने जरासं घासायचं, रात्रभर पाण्यात ठेवायचं. सकाळी फुगलेलं दिसलं तर समजा, आत पाणी गेलं आणि झाड जागं झालं.

“पण यांना पाणी घालायला उन्हाळ्यात कोण येणार?” थोरला विचारतो.

पहिल्या उन्हाळ्यात खोडाभोवती पातेऱ्याचा जाड थर आणि अधूनमधून तांब्याभर पाणी. पुढे ती आपलं आपण बघतात, कारण मातीखाली त्यांना मदतनीस आहेत. झाडांच्या मुळांना बुरशीचे धागे चिकटलेले असतात, केसाहूनही बारीक. जिथे मूळ शिरू शकत नाही तिथून ते पाणी आणि स्फुरद आणतात. बदल्यात झाड त्यांना पानांत तयार केलेली साखर देतं. ही देवघेव फार जुनी. स्कॉटलंडमध्ये राइनी गावच्या दगडांत सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींमध्येही हे धागे सापडले आहेत. म्हणून रोप लावताना आपल्याच बांधावरच्या जुन्या ऐनाखालची मूठभर माती मी खड्ड्यात घालतो. देवराईतली मात्र नाही. तिथली काडीही उचलायची नाही, हे आपल्या वाडवडलांनी सांगून ठेवलं आहे.

कोपऱ्यातलं वारूळही मोडू नका. वाळवीला लाकूड स्वतःला नीट पचवता येत नाही. ती वाळकं पान-लाकूड चावून वारुळात आणते, त्याचे वाफे करते आणि त्यावर बुरशीची शेती करते. ही शेती माणसाच्या शेतीहून फार जुनी आहे, सुमारे तीन कोटी वर्षांची. पावसाळ्यात वारुळावर जी अळंबी उगवते ती त्याच शेतीचं फूल. वाळवीच्या बोगद्यांतून पाणी खोल जातं. गांडुळांचं कामही असंच. चार्ल्स डार्विनने १८८१ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. इंग्लंडच्या जमिनीत एकरी दरवर्षी दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्याचा हिशेब होता.

आता शेवटची नवलाई, विहिरीजवळच्या कढीलिंबाची. त्याच्या पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर पुसू नका. ती बहुरूपी फुलपाखराची अळी. लहानपणी ती शिटेचं सोंग घेते म्हणून पाखरं तिला सोडतात. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचली तर डोक्यामागून लाल दुटोकी शिंग काढून उग्र वास सोडते. फुलपाखरू झाल्यावर मादीचं सोंग आणखी पुढे जातं. काही माद्या नरासारख्या काळ्या-पांढऱ्या असतात, तर काही हुबेहूब त्या लाल ठिपक्यांच्या फुलपाखरांसारख्या, जी सापसंदाच्या वेलीवर वाढल्यामुळे विषारी असतात. पाखरू एकदा ते विषारी फुलपाखरू खाऊन पस्तावलं की पुढे तशा दिसणाऱ्या कुणालाही चोच लावत नाही. एकाच आईच्या मुली अशी वेगवेगळी रूपं घेतात कशा? हा बदल ‘डबलसेक्स’ नावाच्या एका जनुकाच्या हातात असतो, हे २०१४ मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. कुंटे आपल्या महाराष्ट्राचेच. परदेशी शोभेची झाडं लावलेल्या बागेत मध प्यायला फुलपाखरं येतीलही. पण अंडी घालायला त्यांना कढीलिंब, लिंबू, टाकळा, सापसंद अशी ठरलेली झाडं लागतात. अळीला तिच्या आईने निवडलेलंच पान हवं असतं. इथली झाडं लावायचं सगळ्यात मोठं कारण हे.

हे सगळं तीन गुंठ्यांत होतं, मग मोठ्या जमिनीवर होईल का? झालेलं आहे. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्याची होरपळ पाहिली. नायगावला देवस्थानची सुमारे १६ हेक्टर ओसाड, उताराची जमीन त्यांनी दीर्घ कराराने घेतली. माथ्यापासून बांध घातले, झाडं लावली, खालच्या अंगाला पाणी मुरवलं आणि त्याखाली विहीर घेतली. आपल्या मानाने तिथे पाऊस अगदी थोडा. तरी जमीन पिकू लागली. त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचा नियम होता की पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने वाटायचं, आणि ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. थांबवलेल्या पाण्याचं पुढे काय करायचं, याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

तेव्हा मुलांनो, आणि ही गोष्ट वाचणाऱ्या मोठ्या माणसांनो, तुमच्याही घरामागे असा टाकून दिलेला उतार असेल. या आगोटीला चार कामं करा. पातेरा जाळू नका. बांबूचा ओळंबा करून एक आडवी रेघ शोधा आणि तिच्यावर वाळ्याचे ठोंब लावा. जवळच्या टेकडीवरची पाच झाडं ओळखून त्यांचं बी गोळा करा. आणि पहिला मोठा पाऊस येईल तेव्हा घरात बसू नका. छत्री घेऊन मागच्या दारी उभे राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे जातं, त्याचा रंग कसा आहे ते बघा. लाल पाणी म्हणजे माती चालली. ज्या वर्षी तुमच्या उतारावरून निघणारं पाणी नितळ दिसेल, त्या वर्षी तुमचं काम मार्गी लागलं असं खुशाल समजा.